सातबाऱ्यावर नाव आणि निराधारचा पगार

"अक्का, सातबाऱ्यावर नाव लागलं की तुझा पगार बंद होईल बघ." चावडीत हे वाक्य मी इतक्या भावांच्या तोंडून ऐकलंय की त्याच्या पुढचं मला पाठ झालं होतं: "त्यापरीस हक्कसोड करून दे. आम्ही हावच की तुला."

हा पगार नोकरीचा नव्हे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून पासष्टच्या आतल्या विधवा, परित्यक्ता, दिव्यांग अशांना महिन्याला पैसे मिळतात. विधवा, परित्यक्तांसाठी २०२३ पासून ही रक्कम १,५०० रुपये झाली. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना. कागदोपत्री हे अनुदान, गावात मात्र पगारच. धाराशिव-लातूरच्या पट्ट्यात मी तलाठी होते, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. वारसाच्या नोंदी करण्यातच निम्मी नोकरी गेली म्हणा ना. वडील गेले की बहिणीला हा धाक घातला जातो आणि दीड हजारांच्या भीतीने ती लाखांच्या जमिनीवर अंगठा उठवते. त्या धाकात तथ्य किती, तेवढंच इथे सांगायचं आहे.

आधी नियम. निराधार योजनेची चाळणी उत्पन्नाची आहे. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत हवं, दिव्यांगांसाठी ५०,००० पर्यंत. किंवा दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव हवं. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. खुद्द योजनाच वर्षाला १८,००० देते आणि त्याहून जेमतेम तीन हजार जास्त मिळवणाऱ्याला निराधार मानत नाही. ही मर्यादा ज्यांनी ठरवली त्यांनी किराणा भरलेला नसावा. पण आहे ती अशी आहे.

आता वारसा. वडिलांकडून आलेली जमीन, घर किंवा पैसा हे उत्पन्न नव्हे. आयकर कायदाही वारशाने आलेल्या मालमत्तेला उत्पन्न धरत नाही, आणि मृताच्या मालमत्तेवरचा कर तर १९८५ सालीच रद्द झाला. जमीन आली म्हणून कुणाचं उत्पन्न वाढत नाही. त्या जमिनीत पिकलं आणि तिच्या पदरात पडलं, तर वाढतं. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून ते दाखल्यातही धरत नाहीत असा एक समज आहे. तो चूक. तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठी जो चौकशी अहवाल देतो, त्यात शेती, मजुरी, इतर असं सगळं येतं.

एक प्रकरण सांगते. नाव, गाव मुद्दाम देत नाही. नवरा गेलेली बाई, निराधारचा पगार चालू, माहेरी येऊन राहिलेली. वडील वारले. मागे आई, दोन भाऊ आणि ही. गटाचं क्षेत्र १ हेक्टर २० आर, जिरायत. थोरला भाऊ शंभराचा स्टॅम्प टाइप करूनच घेऊन आला होता. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. शाईचं पॅडसुद्धा त्याच्याच खिशात.

मी बाईंना विचारलं, "अक्का, यात काय लिहिलंय ठाऊक आहे का?"

"पगार चालू राहायचा कागद हाय म्हनं."

मी मोठ्याने वाचून दाखवला. त्यात पगाराचा शब्द नव्हता. स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता, कायमचा हक्क सोडत आहे, एवढंच होतं. "कायमचा" हा शब्द मी दोनदा वाचला. भाऊ म्हणाला, "मॅडम, तुम्ही घरात भांडणं लावताय." मी म्हटलं, दादा, तसाही हा कागद इथे चालत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, साध्या स्टॅम्पवरच्या सहीने बहिणीचं नाव कमी होत नाही. अक्का काहीच बोलली नाही. पण पेन उचललं नाही.

तिचा हिस्सा किती? चार वारस, चौघांना सारखा. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असती तरी चौथा हिस्सा आणि वडिलोपार्जित असली तरी हिशेब फिरून तिथेच येतो, कारण ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेच हिस्सेदार आहे. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनिता शर्मा खटल्यात मिटवला: गरज नाही. म्हणजे अक्काचे ३० आर, बोलीभाषेत तीस गुंठे.

तीस गुंठे जिरायतीत सोयाबीन किती होणार? पाऊस बरा झाला तर तीन क्विंटल धरा. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये, म्हणजे १५,९८४. आणि हमीभाव शेतकऱ्याच्या हातात पडतोच असं नाही, हे सोयाबीन पिकवणाऱ्याला सांगायला नको. त्यातून बी, खत, फवारणी, काढणी, मळणी वजा करा. राहील ते एकवीस हजारांच्या जवळपासही जात नाही. तिची रोजंदारी त्यात मिळवावी लागेल, आणि खरी घासाघीस तिथे होते. पण तीस गुंठ्यांमुळे पगार जातो हे गणितात बसत नाही.

मग बायकांचे पगार बंद होतात ते खोटं का? नाही, होतात. कारण सातबारा. वारसनोंदीनंतर चौघांची नावं सामाईकात एकाखाली एक येतात आणि क्षेत्र एकच, १.२० हेक्टर. अहवाल लिहिणाऱ्याने हिस्सा न बघता अक्काच्या नावापुढे अख्खा गट धरला, तर तिचं उत्पन्न कागदावर चौपट होतं. वर जमीन कसतो थोरला आणि माल त्याच्याच नावावर आडतीला जातो. म्हणून दाखल्याच्या अर्जासोबत आपला हिस्सा किती, जमीन कोण कसतं, वर्षाला हातात काय येतं, हे लेखी द्यावं आणि पोच घ्यावी. भावांशी पटत असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून संमतीने वाटप करून घ्यावं. हिस्सा वेगळा झाला की हा घोळच उरत नाही.

पैशाचं थोडक्यात. वडिलांच्या ठेवीतले दोन लाख वाट्याला आले तर ते उत्पन्न नाही. सात टक्क्यांनी येणारं १४,००० व्याज मात्र उत्पन्न आहे. इथे मर्यादेला धक्का लागू शकतो, तेव्हा आधी आकडेमोड करा. आणि पासबुकावर नॉमिनी भाऊ आहे म्हणून पैसे भावाचे होत नाहीत. तो वारसांच्या वतीने ते सांभाळतो, एवढंच.

काही योजनांत मात्र जमीनच मोजतात. ग्रामीण घरकुलाच्या नव्या निकषांत अडीच एकर बागायत किंवा पाच एकर जिरायत असली की कुटुंब बाद. लाडक्या बहिणीच्या २८ जून २०२४ च्या मूळ निर्णयात पाच एकरांची अट होती, ती आठवड्याभरातच काढून टाकली. आता कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. तीस गुंठेवाली यांपैकी कशातच अडकत नाही.

उलट वारशाने एक दार उघडतंही. पीएम किसानमध्ये १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर झालेली जमीन चालत नाही, पण खातेदार मेल्यामुळे वारसाने आली असेल तर चालते. त्याचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरीचे ६,०००. आता लाडकी बहीण घेणारी एखादी बाई वारसाने शेतकरी झाली आणि हे १२,००० तिच्याच खात्यावर येऊ लागले, तर लाडक्या बहिणीचे महिना १,५०० चे ५०० होतात. बायका घाबरून तक्रार घेऊन येतात. बेरीज करून दाखवली की गप्प होतात: शेतकरी म्हणून महिन्याकाठी हजार, बहीण म्हणून पाचशे, एकूण तेवढेच. आणि जमीन वर.

राहिला एक मार्ग, बऱ्याच जणी तोच धरतात: हक्क सोडायचा नाही, पण नोंदही करायची नाही. गप्प बसायचं. हक्क वडिलांच्या मृत्यूच्या क्षणीच येतो. फेरफार ही फक्त त्याची नोंद. तेव्हा नोंद न केल्याने ती वारस नसते असं नाही. पण पीक कर्ज, विमा, अतिवृष्टीचं अनुदान, सगळं नाव बघून येतं. समृद्धी महामार्गाच्या भूसंपादनात मोबदल्याच्या याद्या निघाल्या, तेव्हा त्या खातेदारांच्या नावानेच निघाल्या. नोंद न करता गप्प बसलेल्या बहिणींचं नाव त्यांत नव्हतं. त्यांना पगार चालू होता.

अक्काची नोंद मी तीन महिन्यांच्या आत धरली, नोटीस काढली, पंधरा दिवसांत हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केली. पुढच्या उन्हाळ्यात ती उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आली. थोरला बरोबर नव्हता, धाकटा होता. अहवालात मी लिहिलं: सामाईक क्षेत्रापैकी हिस्सा ०.३० हेक्टर, जिरायत, कसणारा भाऊ, शेतीपासून मिळालेले धान्य दोन पोती, मजुरी अमुक. दोन पोती धाकट्याने आपणहून सांगितली. थोरल्याने दिली होती की नाही, ते मी विचारलं नाही. पगार चालू राहिला.