शरीराच्या पेढीचा जमाखर्च

दिवसाचा रोजमेळ जुळल्यावाचून पेढीचे दार लावावयाचे नाही, हा आपल्या वाडवडिलांचा दंडक. परंतु ज्या देहाच्या बळावर ही पेढी चालते, त्याच्या जमाखर्चाकडे आपली दृष्टी क्वचितच वळते. सुरतेच्या नवागाम-डिंडोली भागात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. खानदेशातील मागच्या पिढ्यांनी वरण-बट्टी खाल्ली ती शेतात राबून आणि बाजारचा माल वाहून जिरविली. आज बट्टीवरचे तूप तेच आहे. सुरतेचा लोचो आणि घारी यांची त्यात भर पडली आहे. चालणे मात्र घरापासून दुकानाच्या पायरीपर्यंतच उरले आहे. म्हणून पोटात गेलेल्या घासाचे पुढे काय होते, हे प्रत्येक गृहस्थाने व गृहिणीने जाणून घेणे अगत्याचे आहे.

पचनाचा आरंभ तोंडातच होतो. लाळेतील पाचकद्रव्य पिठातील पिष्टाचे साखरेत रूपांतर करू लागते. भाकरीचा घास पुष्कळ वेळ चावला की गोड लागतो तो यामुळेच. जठरातील आम्लरस वरणातील प्रथिनांची फोड सुरू करतो. तेथे अन्न साधारणतः दोन ते चार तास राहते. स्निग्ध पदार्थ त्यातून सावकाश सरकतात, म्हणून तूप ओतलेली बट्टी जेवणाऱ्यास संध्याकाळपर्यंत भुकेची आठवण होत नाही. खरे पचन होते ते सुमारे 6 मीटर लांबीच्या लहान आतड्यात. यकृतातून आलेले पित्त तुपाचे अतिसूक्ष्म थेंब करते, स्वादुपिंडाचा रस पिष्ट, प्रथिने व स्निग्धांश या तिहींवर काम करतो आणि आतड्याच्या अस्तरावरील रसांकुर तयार झालेले सत्त्व शोषून घेतात. न पचणारा चोथा मोठ्या आतड्याकडे जातो.

आता जमेची बाजू पाहू. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिन यांपासून सुमारे 4 उष्मांक मिळतात. एक ग्रॅम तुपातेलापासून सुमारे 9. रक्तात उतरलेली साखर, म्हणजे ग्लुकोज, पेशीपेशींत पोहोचते आणि श्वासाबरोबर घेतलेल्या प्राणवायूच्या साहाय्याने तिचे हळूहळू ज्वलन होते. त्यातून हालचालीस बळ आणि देहास ऊब मिळते.

खर्चाची बाजू अधिक उद्बोधक आहे. बैठे काम करणाऱ्याच्या दिवसभराच्या खर्चातील निम्म्याहून अधिक भाग तो स्वस्थ पडून राहिला तरी होतच असतो. हृदय, फुप्फुसे, यकृत व मेंदू यांना सुट्टी नाही. देहाच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम 2 टक्के. पण विश्रांतीच्या वेळी एकंदर ऊर्जेचा सुमारे पंचमांश तोच घेतो. खाल्लेले पचविण्यासही सुमारे दहावा हिस्सा खर्ची पडतो. मनुष्याच्या हाती राहते ती केवळ हालचालीची रक्कम, आणि गादीवर बसून व्यापार करणारा नेमकी तीच वाचवितो.

ही बचत जाते कोठे? यकृतात सुमारे 100 ग्रॅम व स्नायूंत सुमारे 400 ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठविता येते. ही झाली हातची रोकड. ते गोदाम भरले की उरलेली सर्व जमा चरबीच्या खात्यावर चढते, आणि या खात्यास मर्यादा नाही.

या बाबतीत पुण्याचे संशोधन आपल्या डोळ्यांत अंजन घालणारे आहे. तेथील के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःच्याच देहाची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा निर्देशांक दोघांचाही 22.3, म्हणजे कोणीही स्थूल नव्हे. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के! 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या पाहणीतही असेच आढळले, की तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून वजनाने पुष्कळ कमी, पण चरबी त्या मानाने राखून असलेली होती. तात्पर्य, आपला सडपातळ माणूसही निर्धास्त राहू शकत नाही. पोटाभोवती साठणारी ही चरबी इन्सुलिनच्या कार्यास अडथळा आणते आणि मधुमेहाची वाट मोकळी करते. म्हणून वजनकाट्याबरोबर कमरेचा घेरही मोजावा. पुरुषांस 90 आणि स्त्रियांस 80 सेंटिमीटर ही भारतीयांसाठी धोक्याची रेषा मानिली जाते.

उपवासात हाच हिशोब उलट चालतो. साधारणतः एका दिवसात यकृतातील साठा संपत येतो आणि देह चरबीची ठेव मोडू लागतो. उपवास लांबला तर मेंदूही चरबीपासून बनलेल्या द्रव्यांवर बराचसा निभावतो. मात्र स्नायूंतील प्रथिनेही काही प्रमाणात खर्च होतात. म्हणून अठाईसारख्या तपानंतर मुगाच्या पाण्याने, हळूहळू पारणे करण्याची रीत शहाणपणाची आहे. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून उपवास धरू नये. औषध चालू आणि आहार बंद, अशा स्थितीत रक्तातील साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते.

सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा आपला नियमही शरीरास मानवणारा आहे, कारण सकाळच्या मानाने रात्री साखर हाताळण्याची देहाची शक्ती मंदावते. परंतु लवकर जेवून दिवसभर गादीवर फरसाणाची बशी रिकामी करीत राहिल्यास त्या नियमाचा लाभ कसा मिळावा? जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे पायी फिरावे. चालणारे स्नायू रक्तातील साखर स्वतःच ओढून घेतात. दुकानातील चार कामे नोकरास न सांगता स्वतः उठून करावीत.

व्यापारात आलेली तूट एखाद्या चांगल्या हंगामात भरून निघते. देहाच्या खात्यावर मात्र ताटातला घास आणि टाकलेले पाऊल यांचीच नोंद होते. येत्या दिवाळीस नवीन वहीचे पूजन कराल, त्या दिवशी कमरेचा घेर मोजून तो आकडाही घरात एका कागदावर टिपून ठेवा आणि पुढील दिवाळीस तो पुन्हा ताडून पाहा, इतकीच सभासदबंधूंस व माताभगिनींस नम्र विनंती.