उसंत हिरावून घेणारा डाव

जुगाराची निंदा करणे सोपे असते आणि म्हणूनच ती बहुधा निष्फळ ठरते. ऋग्वेदातील अक्षसूक्तात द्यूतकाराची दैना वर्णिलेली आहे, महाभारताच्या सभापर्वात एका राजकुलाचा सर्वनाश फाशांवरून ओढवलेला आहे. तरीही फासे पडायचे थांबले नाहीत. याचे कारण एकच. ज्या गोष्टीचे आकर्षण कशात आहे हे आपण समजून घेत नाही, तिच्याशी सामनाही करू शकत नाही. मोबाइलच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या जलद पोकरने जगभरातील तरुणांना जी भुरळ घातली आहे, तिचा विचार याच दृष्टीने व्हावयास हवा.

पोकरचा सर्वाधिक प्रचलित प्रकार 'टेक्सस होल्डेम' हा होय. प्रत्येक खेळाडूला दोन गुप्त पाने मिळतात, पाच पाने सर्वांसाठी उघडी मांडली जातात आणि मधल्या चार फेऱ्यांत पैसे लावले जातात. पाने वाईट असली तर ती टाकून डाव सोडावयाचा आणि इतरांचा खेळ संपेपर्यंत स्वस्थ बसावयाचे, ही जुनी रीत. २०१० साली 'फुल टिल्ट पोकर' या कंपनीने 'रश पोकर' या नावाने हे स्वस्थ बसणेच रद्द केले. दोन वर्षांनी 'पोकरस्टार्स'ने 'झूम' या नावाने तोच प्रकार आणला. या खेळात कायमचे टेबल नसते. शेकडो खेळाडूंचा एक समुदाय असतो. पाने टाकताच त्याच क्षणी खेळाडू नव्या टेबलावर, नव्या माणसांत जाऊन बसतो आणि नवी पाने त्याच्या हाती येतात.

या बदलाचा परिणाम आकड्यांत पाहिला म्हणजे आकर्षणाचे मूळ सापडते. प्रत्यक्ष टेबलावर तासाला सुमारे ३० डाव होतात, साध्या ऑनलाइन टेबलावर ७० ते ८०. या जलद प्रकारात ते २५० च्या घरात जातात. हाती दोन एक्के येण्याचा योग सरासरीने २२१ डावांत एकदा असतो. प्रत्यक्ष टेबलावर त्यासाठी सात तासांहून अधिक वाट पाहावी लागेल. येथे तो योग जवळजवळ दर तासाला चालून येतो. कंटाळा हा जुगाऱ्याचा पहिला शत्रू. तोच नाहीसा झाल्यावर माणूस खुर्चीवरून उठेल कशाला?

या खेळात बुद्धीला वाव नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. निष्णात खेळाडूंनी त्याचे शास्त्रच बनविले आहे. आरंभीच्या दोन पानांच्या १,३२६ जोड्या संभवतात. चिन्हांचा भेद वगळला तर त्यांचे १६९ प्रकार होतात. यांतील कोणते प्रकार कोणत्या जागेवरून खेळावयाचे याची कोष्टके हे लोक मुखोद्गत करतात. वाटपाच्या क्रमात जो शेवटी बोलतो त्याला इतरांची चाल आधी दिसते, म्हणून त्या जागेवरून अधिक पाने खेळावयाची आणि आरंभीच्या जागेवरून फार थोडी. प्रतिस्पर्धीही चांगल्या पानांच्या आशेने वाईट पाने झटपट टाकतात. म्हणून सक्तीची आरंभीची रक्कम, जिला 'ब्लाइंड' म्हणतात, ती धाडसाने पैसे वाढवून उचलता येते. याउलट एखाद्या अनोळखी खेळाडूने अखेरच्या फेरीत मोठी रक्कम लावली तर त्याच्याकडे खरोखरच भारी पाने आहेत, असे समजून बाजूला व्हावयाचे. येथे दर डावाला माणसे बदलतात. एखाद्याचा स्वभाव ओळखून त्याला नमविण्याची जुनी कला निरुपयोगी ठरते. उरते ते गणित आणि शिस्त.

हे गणित थोडे पुढे नेले की या खेळाचे खरे रूप दिसते. सहा जणांच्या टेबलावर दर सहा डावांत प्रत्येकाला एक मोठा आणि एक छोटा ब्लाइंड भरावा लागतो. छोटा सामान्यतः मोठ्याच्या निम्मा असतो. म्हणजे काहीही न खेळता केवळ एक्क्यांची वाट पाहत बसलेला माणूस शंभर डावांत २५ मोठे ब्लाइंड गमावतो. तासाला २५० डाव धरले तर हा आकडा साठावर जातो. खेळाडू सामान्यतः शंभर ब्लाइंडची रक्कम घेऊन बसतात. तेव्हा अर्ध्याहून अधिक भांडवल एका तासात निव्वळ वाट पाहण्यातच खर्ची पडते! वाट पाहणे संपविल्याचा ज्याला अभिमान, तोच खेळ वाट पाहण्याची इतकी किंमत वसूल करतो. प्रत्यक्ष टेबलावर आठ तासांत होणारे नुकसान येथे तासाभरात होते. खेळाडूंत कोणीही जिंको, अड्डेवाल्याची नाल मात्र चुकत नाही. मोठ्या डावातून ठराविक टक्का कापून घेणाऱ्या कंपनीला डाव जितके अधिक तितके उत्पन्न अधिक. वेग खेळाडूच्या सोयीसाठी आणला, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

'फुल टिल्ट'ची पुढची कथाही बोधप्रद आहे. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकन सरकारने तिच्यासह तीन मोठ्या पोकर कंपन्यांच्या चालकांवर खटले दाखल केले. खेळाडूंच्या ठेवी सुरक्षित न ठेवता ४० कोटी डॉलरहून अधिक रक्कम मालक व संचालकांनी वाटून घेतली, असा आरोप तेथील न्याय खात्याने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केला. पत्त्यांच्या संभाव्यतेचा काटेकोर हिशेब करणाऱ्या खेळाडूंना आपले पैसे ज्याच्या हाती आहेत त्याचा हिशेब मात्र विचारता आला नाही.

आपल्याकडे चतुर्थीच्या जागरणात पत्त्यांचे डाव रंगतात. त्यांत चहा येतो, थट्टामस्करी होते, घरातले वडीलधारे हाक मारतात. हा व्यत्यय नव्हे, तीच माणसाची राखण असते. सभापर्वात पहिल्या द्यूतानंतर पांडव आपल्या नगरीकडे निघाले होते आणि वाटेतून त्यांना परत बोलावण्यात आले. धर्मराजाला विचार करावयास तेवढी वाट तरी मिळाली होती. तिचा उपयोग त्याने केला नाही, ही गोष्ट वेगळी. जलद पोकर ती वाटच शिल्लक ठेवत नाही. हरलेला डाव मनात उतरण्यापूर्वीच नवी पाने समोर येतात, आणि पैसे लावण्यास बोटाचा एक स्पर्श पुरतो.

आपल्या न्यायालयांत दीर्घकाळ चर्चा झाली ती कौशल्य की नशीब या प्रश्नाची. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली म्हटले. पोकरला तो आधार द्यावा की नाही, यावर पुढे मतभेद झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने हा वादच बाजूला सारला आणि कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविला. शिक्षा आहे ती खेळ चालविणाऱ्यास, त्याची जाहिरात करणाऱ्यास, खेळणाऱ्यास नाही. या कायद्याला न्यायालयात आव्हान देण्यात आले. त्याचा निर्णय न्यायालय देईल. परंतु त्यामागील दृष्टी आम्हांला योग्य वाटते. कौशल्य असलेला मूठभर माणूस जिंकतो म्हणून उरलेल्या शेकडोंचे हरणे निरुपद्रवी ठरत नाही.

मात्र गोव्यात बसून या कायद्याचे स्वागत करताना मांडवीकडे पाठ फिरविता येणार नाही. १९७६ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांसाठी आणि १९९६ साली जहाजांसाठी वाट करून देण्यात आली. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेशबंदी झाली. म्हणजे जुगार अपायकारक आहे हे सरकारला मान्य आहे. केवळ तो अपाय परप्रांतीयांच्या घरी जावा आणि महसूल आपल्या तिजोरीत यावा, एवढीच अपेक्षा! जो डाव फोनवर गुन्हा ठरतो तोच नदीवर पर्यटन कसा ठरतो, याचे उत्तर राज्यकर्त्यांनी द्यावयास हवे. बंदीचा नैतिक अधिकार दुटप्पीपणाने झिजतो आणि परदेशी संकेतस्थळांकडे चोरवाटेने वळणाऱ्या तरुणाला मग कोणत्या तोंडाने अडवावयाचे?

कायदा दार बंद करील, पण दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाशी बोलण्याचे काम घराचे आणि शाळेचे आहे. त्याला पापपुण्याची प्रवचने ऐकविण्यापेक्षा वर मांडलेला ब्लाइंडचा हिशेब वहीवर मांडून दाखवावा. आपण हुशार आहोत म्हणून जिंकू, असे ज्याला वाटते त्याला त्याच्या हुशारीच्याच भाषेत उत्तर द्यावे लागते. कष्टाचा पैसा महिनाभराने हाती येतो. तो घालविण्यापूर्वी निदान क्षणभर थांबण्याचा हक्क माणसाने कोणत्याही यंत्राच्या स्वाधीन करू नये.