योजना आहे, कायदा कुठे आहे?



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या यजमानांच्या छातीत रात्री दुखायला लागलं. ताई चार घरची धुणीभांडी करतात. दवाखान्यात जाताना केशरी रेशन कार्ड आठवणीनं पिशवीत घेतलं होतं. काउंटरवर उत्तर मिळालं, "आमच्याकडे ती योजना नाही, आधी पन्नास हजार भरा." आम्ही फोनाफोनी करून पैसे जमवले, त्यात वीस हजार गटाचे. नंतर कळलं, जवळच्याच दुसऱ्या हॉस्पिटलात ही ॲन्जिओप्लास्टी योजनेतून झाली असती. त्या रात्री हे आम्हालाही माहीत नव्हतं, हे कबूल करतो. ताई अजून हप्ते भरताहेत.

ही योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली आठ जिल्ह्यांत ती राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झाली, आपल्या पुण्याला नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. २०१७ ला नाव बदललं. आधी संरक्षण दीड लाखाचं आणि तेही पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ते कुटुंबाला वर्षाला पाच लाख झालं आणि पांढरं कार्डही त्यात आलं. १ जुलै २०२४ पासून हे लागू आहे. आपल्याला हप्ता नाही, पैसे सरकार भरतं. पण उपचार ठरलेल्या यादीतला हवा आणि हॉस्पिटल योजनेत नोंदलेलं हवं. साध्या तापाला, गोळ्या-औषधाला ही योजना नाही.

आता खरी गोष्ट. वरचे बहुतेक बदल शासन निर्णयानं झाले. विधानसभा दरवर्षी अर्थसंकल्पात पैसे मंजूर करते, पण "हा उपचार मिळणं तुमचा हक्क आहे" असं सांगणारा कायदा या योजनेमागे नाही. शासन निर्णयानं पांढरं कार्ड आत आलं, चांगलंच झालं. पण तसाच दुसरा निर्णय निघाला तर ते बाहेरही जाऊ शकतं. खासगी हॉस्पिटलनं योजनेत यायचं की नाही, हेही बरंचसं त्याच्याच मर्जीवर.

कायद्यानं काय फरक पडतो, ते कारखान्यात जाणाऱ्या बायकांना विचारा. त्यांचं ईएसआय १९४८ च्या कायद्यातून आलं. पगारातून शंभराला पाऊण रुपया कापला जातो, मालक सव्वातीन घालतो. मालकानं टाळलं तर त्याच्यावर कारवाई होते. धुणीभांडी करणाऱ्या ताईंना मात्र ते नाही, कारण चार घरांत चार मालकिणी, आणि नोंद कुठेच नाही.

दुसरं उदाहरण आपल्या शहरातलंच. पुण्यातली कितीतरी मोठी हॉस्पिटलं धर्मादाय आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक मुळे आणि मुंबई उच्च न्यायालयानं ठरवून दिलेल्या योजनेमुळे त्यांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे एक लाख ऐंशी हजार आणि तीन लाख साठ हजार. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचं, निर्धनाकडे डिपॉझिट मागायचं नाही. नकार मिळाला तर धर्मादाय सहआयुक्तांकडे तक्रार करता येते. पाळतात किती, हा वेगळा विषय. पण भांडायला हातात कागद तरी असतो.

राजस्थाननं २०२३ च्या मार्चमध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. तातडीच्या उपचाराचे पैसे आम्हाला कोण देणार, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न चुकीचा नाही. आपल्याकडेही आमदारांना हेच विचारायचं आहे: पैसे वेळेवर देण्याची जबाबदारी कायद्यात लिहाल का, आणि नकार देणाऱ्या हॉस्पिटलाला दंड लावाल का?

हिवाळी अधिवेशनाआधी आपल्या भागातल्या आमदारांना द्यायचं पत्र आम्ही लिहायला घेतलं आहे. रविवारी बैठकीत ते वाचून दाखवू, सह्या घेऊ. येताना प्रत्येकीनं रेशन कार्ड आणि आधार आणा. नावं जुळतात का, तेही बघून टाकू. आणि योजनेचा नंबर आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा: १५५३८८.