शत्रूचा हात कोण खेळतो?

आजचा विषय फलकावर वाचून मागच्या रांगेत जरा कुजबुज झाली. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक दिग्रसमध्ये भुताखेतांच्या पत्त्यांवर बोलणार म्हटल्यावर ती व्हायचीच. पण प्रश्न जुनाच आहे. जिथे आपल्यावर लक्ष ठेवणारं कोणीच नाही, तिथे माणूस स्वतःच्या विरुद्ध निकाल देऊ शकतो का? हा प्रश्न मला एका खेळात फार स्वच्छ दिसला. म्हणून आधी खेळ सांगतो.

मेंढीकोट तुम्ही सगळ्यांनी खेळला आहे. दोघं इकडचे, दोघं तिकडचे. हातात पान असून तुम्ही हुकूम मारला, तर समोरचा ओरडतो. म्हणजे समोरचा नुसता प्रतिस्पर्धी नसतो, तो पहारेकरीही असतो. सहकारी खेळात हा समोरचा माणूसच नाही. सगळे खेळाडू एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला पत्त्यांची गड्डी.

‘अर्कम हॉरर : द कार्ड गेम’ हा असाच खेळ. ‘फँटसी फ्लाइट गेम्स’ या अमेरिकन कंपनीने तो २०१६ साली काढला. एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) या लेखकाच्या भयकथांच्या जगावर तो बेतलेला आहे. एक ते चार जण शोध घेणारे होतात. प्रत्येकाला दोन गोष्टी जपायच्या असतात, शरीर आणि मनाचा तोल. आपल्या पाळीत तीन कृती करता येतात. पहिली फेरी सोडली, तर प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला संकटाचं एक टोकन वाढतं आणि प्रत्येकाला गड्डीतून एक अरिष्ट उचलावं लागतं. काही अवघड करायचं तर पिशवीत हात घालून टोकन काढायचं. त्यात एक टोकन असं आहे, की ते निघालं म्हणजे तुमची ताकद कितीही असो, प्रयत्न फसला.

आता बघा, ते टोकन गुपचूप परत पिशवीत टाकलं तर कोण अडवणार? कोणीच नाही. शत्रूचा हात आपणच खेळतो, आणि प्रामाणिकपणे खेळतो. हे मला मोठं नवलाचं वाटतं.

या खेळाचे चाहते स्वतःही नवे प्रसंग रचतात. त्याला ते ‘सिनारिओ’ म्हणतात. पत्ते लिहायचे, छापायचे, मूळ पत्त्यांशी पाठ जुळावी म्हणून अपारदर्शक पाकिटांत घालायचे. यात गैर काही नाही. लव्हक्राफ्टने आपल्या मित्र-लेखकांना आपले देव-दैत्य खुशाल वापरू दिले होते. आपल्याकडे नारायण धारपांनी परदेशी भयकथा मराठी वाड्यांत आणून बसवल्या.

मागच्या दिवाळीत आमच्या घरी पोट्ट्यांनी असाच एक घरचा सिनारिओ मांडला. ओसाड वाडा, मागे विहीर, पत्ते मराठीत. चौथा भिडू म्हणून मला बसवलं. ऐन रंगात आल्यावर एक पत्ता निघाला, ‘विहिरीतला आवाज’. त्यावर लिहिलेलं: खेळाडूने एक पुरावा गमवावा. झालं! गमवावा म्हणजे कुठे? पुरावा वाड्यात परत पडला, तर पुन्हा शोधता येतो. खेळातूनच गेला, तर मोजक्या पुराव्यांतला एक कायमचा कमी. रचणारा मुलगा पुण्यात, रात्री अकराला त्याचा फोन बंद.

आम्ही चौघांनी पाच मिनिटांत पाच युक्तिवाद काढले. पाचही आपल्याच सोयीचे. मग नात म्हणाली, “आजोबा, ग्रिम रूल.”

हा मूळ खेळाच्या नियमपुस्तकातलाच नियम आहे. मी त्याला कठोर नियम म्हणतो. वाद सुटेना आणि पुस्तकात उत्तर सापडेना, तर जिंकण्याच्या दृष्टीने त्या क्षणी जो अर्थ सर्वांत वाईट वाटतो तो धरायचा आणि पुढे जायचं. कंपनीच्या खेळात त्याची गरज क्वचित पडते. घरच्या सिनारिओत फटी जास्त, म्हणून तो वारंवार लागतो.

हा स्वतःला छळण्याचा प्रकार आहे का? नाही. बर्नार्ड सुट्स या तत्त्वज्ञाने १९७८ च्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात मांडलं, की खेळ म्हणजे अनावश्यक अडथळे आपण होऊन स्वीकारणं. कॅरमची सोंगटी हाताने उचलून भोकात टाकता येते. पण मग कॅरम उरत नाही.

भयाच्या खेळात आणखी एक गोष्ट आहे. हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने शाकुंतलातल्या, दुष्यंतापुढे धावणाऱ्या हरणाचं उदाहरण घेतलं. ते भय ‘माझं’ नसतं, ‘त्याचं’ही नसतं. देश, काळ, व्यक्ती गळून पडतात, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. ‘माझं काय होईल’ ही काळजी आत शिरली, की रसाला विघ्न आलं. सोयीचा अर्थ लावताना नेमकं हेच होतं. विहिरीतला आवाज मागे पडतो आणि माझा नफा-तोटा पुढे येतो. आम्ही पुरावा खेळातून काढला, तेव्हा टेबलावर जी शांतता पसरली, ती खरी भीती होती.

एक पथ्य मात्र पाळा. कठोर नियम मौनासाठी आहे, उघड छपाईच्या चुकीसाठी नाही. तीनच्या जागी तेहतीस छापलं असेल, तर ते दुरुस्त करा. आणि प्रत्येक फट टिपून रचणाऱ्याला कळवा. घरच्या सिनारिओचं हे सुख, पुढच्या वेळी पत्ता बदलून येतो. आमचाही आला, ‘गमवावा’च्या जागी ‘खेळातून काढावा’ असं स्पष्ट लिहून.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: सर, मग जिंकता येतं का?

येतं. आम्ही त्या रात्री हरलो, दुसऱ्या रात्री जिंकलो. पण सोयीचे अर्थ लावून जिंकलो असतो, तर नेमकं कोणाला हरवलं, हे सांगता आलं नसतं. पुढची चिठ्ठी द्या.