परात आणि वाटी

ही गोष्ट २००८ सालची. आजीला घेऊन आम्ही अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला गेलो होतो. परतताना हत्तीखाना लेण्यांत शिरलो. अंगणातल्या दगडी हत्तींवर लख्ख ऊन, आत खांबांच्या मंडपात मात्र अंधार. आजी तिथे टेकून बसली. मी खिशातल्या कॅमेऱ्याने फोटो घेतला, मित्राने त्याच्या थोराड कॅमेऱ्याने. दोघांच्याही भिंगाचा आकडा एफ २.८, वेळही सारखाच. पुढे आजी गेली. फोटो मोठा करायला काढला, तर माझ्या फोटोत तिच्या गालावर नुसते रंगीत ठिपके! मित्राच्या फोटोत सुरकुती न् सुरकुती.

दुकानदाराने मला मेगापिक्सेल मोजून दिले होते. सेन्सर केवढा, हे मी विचारलंच नव्हतं. माझा तुरीच्या डाळीएवढा, जेमतेम ६ मिलीमीटर रुंद. मित्राचा ३६ बाय २४ मिलीमीटर, क्षेत्रफळाने सुमारे ३५ पट.

अंगणात वाटी आणि परात ठेवून पाहा. आपल्या बीडकडे पाऊस बेताचाच, पण आला की दोन्हींवर सर सारखीच पडते. पाणी परातीत जास्त साठतं. एफचा आकडा फक्त सरीचा जोर सांगतो. आणि ठिपक्यांचं म्हणाल, तर पहिल्या चार थेंबांनी अंगण ठिपकेदारच दिसतं, भरपूर पडला की एकसारखं ओलं. प्रकाशही थेंबाथेंबानेच येतो.

एफ म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. मोठ्या सेन्सरवर ५० मिलीमीटरचं एफ २ भिंग म्हणजे २५ मिलीमीटरचं छिद्र. दीडपट लहान सेन्सरवर तेवढंच दृश्य ३३ मिलीमीटरच्या भिंगात मावतं. एफ २ तेच, पण छिद्र साडेसोळा मिलीमीटरचं, प्रकाश निम्म्याहून कमी. भरपाईला एफ १.४ हवं, आणि तसल्या भिंगाची किंमत ऐकली की स्वस्त कॅमेऱ्याचा हिशेब फिसकटतो.

मी पुढे तसाच दीडपट लहान सेन्सरचा, आरशाचा कॅमेरा घेतला. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला, तर बोगद्याच्या टोकाला चित्र दिसावं तसं. आरशावरून येणारं दृश्य सेन्सरच्याच मापाच्या काचेवर पडतं. ते लहान, मोठं करून दाखवावं तर उजेड पातळ होतो, म्हणून कंपन्या ते लहानच ठेवतात. मग मंडपात डोळ्यांनी फोकस जुळवणं कठीण. आता बिनआरशाच्या कॅमेऱ्यात डोळ्यासमोर छोटा पडदाच असतो, तो उजेड वाढवून दाखवतो. मोबाइल तर लागोपाठ बरेच फोटो घेऊन एकत्र करतो. वाटीच, पण पुन्हा पुन्हा भरलेली.

आमच्या भिंतीवर मित्राचा फोटो आहे.