कच्च्या घराचा पक्का हिशेब

बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला एक खोड कायमची लागते. कुठल्याही घरात पाऊल टाकलं, की यजमानाने पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आत त्याची नजर भिंतींवरून आणि आढ्यावरून फिरून येते. घर किती किमतीचं, किती वर्षं टिकेल, कर्ज थकलं तर हाती काय लागेल, असा हिशेब मनात सुरू होतो. मी निवृत्त झालो, कादंबऱ्या लिहू लागलो, तरी ही खोड काही सुटली नाही. गेल्या मे महिन्यात चिंचपाड्याला मात्र हाच हिशेब माझ्यावर उलटला.

चिंचपाडा हे नवापूर तालुक्यातलं गाव, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं एक लहानसं स्टेशन. नंदुरबारहून सुरतेकडे निघालं की नवापूरच्या थोडं अलीकडे लागतं. 1987 साली मी या भागात एका शाखेत अधिकारी होतो. नंदुरबार जिल्हा झाला 1998 साली. तेव्हा आमच्या पत्त्यात 'जि. धुळे' असे. बँकेचं नाव सांगत नाही, कारण जी चूक सांगणार आहे ती माझी स्वतःची आहे.

शाखेत एक शिपाई होते. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. चिंचपाड्याजवळच्या एका पाड्यावर त्यांचं वडिलार्जित घर होतं. सागाचे खांब, बांबूच्या कामट्यांचा कूड, त्यावर दोन्ही अंगांनी शेणमातीचा गिलावा आणि वर देशी कौलं. दोन पावसाळ्यांत कौलं बरीच फुटली होती, मागचा कूड वाळवीने खाल्ला होता. दादांना दुरुस्तीसाठी थोडं कर्ज हवं होतं. मी पाहणीला गेलो, वहिनींच्या हातचा चहा घेतला आणि परत येऊन अर्जावर लिहिलं : 'घर कच्चे. भिंती कुडाच्या. तारणास अयोग्य.' वर दादांना सल्लाही दिला, "मातीत पैसे कशाला घालता? विटा-सिमेंटचं घर बांधा, वर स्लॅब घाला. मंजुरीचं मी बघतो."

दादांनी माझं ऐकलं. अर्धं घर पाडून पुढे स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या. मागचा अर्धा भाग गुरांसाठी आणि धान्यासाठी तसाच राहू दिला. हप्ते बारा वर्षं पगारातून कापले गेले, एकही चुकला नाही. बँकेच्या दृष्टीने हे कर्ज आदर्श होतं.

यंदा नातवाच्या लग्नाचं आग्रहाचं बोलावणं आलं म्हणून गेलो. 'साहेब' म्हणून माझी झोपायची व्यवस्था पुढच्या स्लॅबच्या खोलीत, पंख्याखाली. रात्रीचे अकरा वाजले तरी भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. पंखा छताची धग खाली ढकलत होता. अखेर उशी काखोटीला मारून बाहेर पडलो, तर सगळं बिऱ्हाड मागच्या जुन्या घरात गाढ झोपलेलं. दादा जागे होते. मला जागा करून देत म्हणाले, "या साहेब. तिकडे आम्ही फक्त पावसाळ्यात झोपतो."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते मला जास्त लागलं.

यात जादू काही नाही. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते ऊन खोलीत ओतत बसतो. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. कौल पातळ, कूड हलका. सूर्य मावळला की दोन्ही लवकर निवतात. दादांच्या वडिलांना हे पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं.

सकाळी नातवाने विषय काढला. मुलगा चुणचुणीत, सुरतेला नोकरीला. म्हणाला, "आजोबा, आपण मागचं पाडून तिथेही स्लॅब टाकणार आहोत. आणि पुढच्या खोलीत हप्त्यावर एसी घ्यायचाय. तुम्ही बँकेत होतात, सांगा ना कोणता परवडेल?"

मी कागद-पेन्सिल मागितली. म्हटलं, चला, आधी हिशेब करू. रुपयांचा नेहमीच करतो, या वेळी धुराचा करू.

सिमेंट चुनखडी भाजून करतात. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली तर छप्पन्न किलो चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टीत जळणाऱ्या कोळशाचा धूर वेगळाच. म्हणून जगातल्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. इमारती बांधणं आणि वापरणं हे सगळं धरलं, तर ऊर्जा आणि उद्योगांतून होणाऱ्या उत्सर्जनाचा सुमारे एक तृतीयांश भाग घरादारांच्या खात्यावर पडतो. दोन खोल्यांच्या लहान घराला ढोबळमानाने शंभर गोण्या, म्हणजे पाच टन सिमेंट आणि टनभर सळई लागते. दोन्ही मिळून पाच टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड. ही झाली मुद्दल, घर उभं राहिलं त्याच दिवशी नावे पडलेली.

आता व्याज. दीड टनी एसी तासाला सुमारे दीड युनिट खातो. रात्रीचे आठ तास, उन्हाळ्याचे शंभर दिवस. झाली बाराशे युनिटं. आपल्याकडे सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशावर तयार होते आणि सरासरी एका युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे वर्षाला आठशे किलोंच्या वर. सहा-सात वर्षांत व्याज मुद्दलीइतकं होतं आणि पुढेही चालूच राहतं. जुन्या घरात पंखासुद्धा लागत नव्हता.

त्याच वेळी स्टेशनाच्या बाजूने मालगाडीचा आवाज आला. या मार्गाच्या पूर्व टोकाला भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र, पश्चिमेला तापीकाठी उकाईचं. मी म्हटलं, "एसी लावलास की धूर तिथे निघतो. तुझ्या खोलीत दिसत नाही, एवढंच."

पोरगा हुशार. लगेच म्हणाला, "आजोबा, सुरतेत मी काचेच्या इमारतीत काम करतो. तिथे दिवसभर एसी चालतो आणि दिवेही. त्यांना कोणी हिशेब मागत नाही. आम्हीच का मातीत राहायचं?"

या प्रश्नाला मी तेव्हाही उत्तर देऊ शकलो नाही आणि वाचकहो, तुमच्यासमोरही गुळगुळीत उत्तर देणार नाही. पोराचं बरोबर आहे. पाड्यावरच्या माणसाने गरम खोलीत तळमळावं आणि शहराने काचेच्या पेटीत गारठून बसावं, याला पर्यावरणरक्षण म्हणत नाहीत. शहरांच्या बाबतीत कायदा थोडा हलला आहे. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी 2007 साली ऊर्जासंवर्धन संहिता आली, घरांसाठी 2018 साली 'ईको-निवास संहिता' आली, आणि 2022 च्या कायदादुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही त्या कक्षेत आणल्या. खरा भार तिथेच आहे आणि हिशेब आधी तिथेच मागायला हवा.

मातीच्या घराचे गोडवे गाणंही मला जमत नाही. दर सणाला सारवण करून वहिनींचे गुडघे गेले. गळकी कौलं, वाळवी, कुडातून शिरणारा साप हे काय असतं, ते त्या घरात राहिलेल्यालाच ठाऊक. शिवाय 30 सप्टेंबर 1993 ची पहाट महाराष्ट्र विसरलेला नाही. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं स्वतःच्याच घरांखाली गाडली गेली. मात्र ती घरं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची आणि मातीने लादलेल्या माळवदांची होती. खांबांवर तोललेलं कुडाचं हलकं घर ही अगदी वेगळी जात. आम्ही कागदोपत्री दोघांनाही एकच शब्द लावला : कच्चं.

हा शब्द मला छळतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागासाठीच्या नियमांत पक्क्या घराची व्याख्या आहे : वाजवी देखभाल केली तर किमान तीस वर्षं टिकणारं घर. दादांच्या घराचा मागचा भाग त्यांच्या जन्माआधीचा आहे! त्याला हवी होती ती वाजवी देखभाल, आणि तिच्यासाठी मागितलेलं कर्ज मी नाकारलं. याच योजनेबरोबर प्रदेशानुसार घरांचे नमुने देणारा 'पहल' नावाचा संग्रहही सरकारने काढला. योजनेचं मूळ लक्ष्य 2 कोटी 95 लाख घरांचं होतं, त्यात नंतर आणखी 2 कोटींची भर पडली. इतकी घरं कशाची बांधली जातात, यावर पुष्कळ काही ठरणार आहे. पण गवंड्यापासून बँकेच्या अधिकाऱ्यापर्यंत साऱ्यांच्या डोक्यात एकच चित्र असतं, स्लॅबचं. ते तिथे घालणाऱ्यांत मीही होतो.

मधली वाट नाही असं नाही. गांधीजींसाठी 1936 साली सेवाग्रामला माती, बांबू आणि कौलांचं घर उभं राहिलं. निगा राखली म्हणून ते आजही उभं आहे. तिथून जवळच, वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने भाजक्या मातीच्या शंकूसारख्या कौलांची कमान रचून सळईशिवाय छत घालण्याची रीत रुजवली. लॉरी बेकर यांनी केरळात विटा उभ्या रचून मधे पोकळी सोडणारी भिंत लोकप्रिय केली; तिला विटा सुमारे एक चतुर्थांश कमी लागतात आणि पोकळीमुळे उष्णताही अडते. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीची पूड मिसळून केलेल्या नव्या सिमेंटला 2023 साली भारतीय मानक मिळालं. त्यात उत्सर्जन तीस-चाळीस टक्क्यांनी घटतं. 2017 पासून वनाबाहेरचा बांबू कायद्याने 'झाड' राहिलेला नाही, त्यामुळे तो लावणं आणि तोडणं सोपं झालं आहे. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे तापणाऱ्या स्लॅबवर दर उन्हाळ्याआधी चुन्याची पांढरी सफेदी. खोली काही अंशांनी उतरते.

कागदाच्या एका बाजूला मी एसीची किंमत आणि विजेचं बिल मांडलं. दुसऱ्या बाजूला चुना, स्लॅबवर बांबूचा मांडव, मागच्या घराला नवा कूड, खाली दगडी जोतं आणि फुटक्या कौलांच्या जागी नवी कौलं. दुसरी बेरीज बरीच कमी आली. नातवाने कागद घडी करून खिशात ठेवला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

निघताना दादा स्टेशनपर्यंत आले. गाडीला वेळ होता. मी म्हटलं, "दादा, तेव्हा मी तुमचा अर्ज चुकीचा फिरवला." ते हसले. "साहेब, तुम्ही लिहिलंत ते तेव्हा सगळेच लिहीत होते. पण आता पोराने दुरुस्तीचा अर्ज केला, तर त्यावर सही कोण करणार?"

मला उत्तर सुचण्याआधी गाडी आली.

परवा त्यांचा फोन आला होता. स्लॅबला चुना मारून झालाय. मागचं घर दिवाळीपर्यंत तरी पाडायचं नाही, असं ठरलंय. दुरुस्तीचा अर्ज अजून कोणत्याच टेबलावर गेलेला नाही.