फोड बरा झाल्यावर सुजणारे डोळे

पावसाळ्यात निर्मळ गावाच्या परिसरातल्या वाड्यांत हवा दमट, डास भरपूर. मुलं चावलेली जागा खाजवतात, ती पिकते, खपली धरते आणि घरचे ते विसरूनही जातात. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी एखादं मूल सकाळी सुजलेल्या पापण्या घेऊन उठतं. लघवी कमी आणि तपकिरी होते.

‘जंतू किडनीत उतरले’ असं मग घरात बोललं जातं. तसं नसतं. हा आजार म्हणजे स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या संसर्गानंतर होणारा ग्लोमेरुलोनेफ्रायटिस (मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्यांचा दाह). शरीराने जंतूंविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं (बचावाची प्रथिनं) जंतूंच्या अंशांशी जुळतात आणि हे गुंते गाळण्यांत अडकतात. चहाच्या गाळणीत चोथा बसल्यावर चहा उतरत नाही, तसं लघवीचं होतं. शिवाय सुजलेल्या गाळण्यांतून रक्त झिरपतं. घसा दुखून गेल्यावरही, १-२ आठवड्यांत, हे होऊ शकतं.

म्हणूनच ‘भरपूर पाणी पाजा’ हा चांगल्या मनाने दिलेला सल्ला इथे उलटा पडतो. पाणी आणि मीठ अंगात साठून रक्तदाब वाढतो. फार वाढला तर झटके येतात. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक मुलं काही आठवड्यांत पूर्ण बरी होतात, डायलिसिस क्वचितच लागतं.

पापण्या सुजल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, रक्तदाब आणि लघवी तपासून घ्या. गेल्या काही आठवड्यांत पिकलेला फोड किंवा दुखलेला घसा आठवणीने सांगा.